अनसूयेची दुबई

अनसूया तावडेला खोटं बोलता येत नाही, असं तिच्या माहेरी आजही छातीठोकपणे सांगतात. लहानपणी डब्यातली साखर खाल्ली तरी स्वतःहून जाऊन आईला सांगायची म्हणे. माहेरची माणसं लांब, मालवणात. भाईंदर पश्चिमेला तिच्या बिल्डिंगमध्ये येऊन कुणी आठवडाभर राहिलं असतं, तर आपली अनसूया ती हीच का, असं म्हणून डोळे चोळत बसलं असतं.

खोटं तिने स्वतः रचलं नव्हतं, हे मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं. ते तिला आयतं मिळालं. तिचा नवरा सुभाष एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सुपरवायझर होता. कंपनीच्या गोदामात एका दुपारी मारामारी झाली, त्यात एक हमाल मेला, आणि तिथे हजर होते त्या सगळ्यांना पोलिसांनी सरसकट आत टाकलं. सुभाष भांडण सोडवायला मध्ये पडला होता, पण हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. लालबागच्या चाळीत पहिले चार दिवस माणसं धीर द्यायला आली. मग अनसूया नळावर गेली की बोलणी बंद पडू लागली. शाळेतून आठ वर्षांची संपदा रडत आली आणि म्हणाली, "आई, बाबांनी कुणाला मारलं?" अनसूयेने महिन्याभरात खोली विकली आणि कुणी ओळखीचं नसलेल्या भाईंदरला ती राहायला आली.

सामान वर चढत होतं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दारातून विचारलं, "मिस्टर दिसत नाहीत? गल्फला असतात का?"

अनसूया फ्रिज धरून उभी होती. "हो," ती म्हणाली. "दुबईला."

एवढंच झालं. दोन शब्द. पण आपल्याकडे गल्फला गेलेला माणूस नुसता जाऊन चालत नाही, त्याच्याकडून काहीतरी यावं लागतं. पहिल्या दिवाळीला त्याच बाईंनी हसत विचारलं, "काय पाठवलं की नाही तिकडून?" दुसऱ्या दिवशी अनसूया नया नगरात गेली. तिथल्या दुकानांत दुबईचं सगळं मिळतं. खजूर, अत्तर, हिरव्या वेष्टनातले साबण, बदाम घातलेली चॉकलेटं. तिने पिशवी भरली, घरी येऊन डब्यांवरची दुकानाची लेबलं नेलपॉलिश रिमूव्हरने पुसली आणि मजल्यामजल्यावर फिरून वाटलं. दर दिवाळीला हे ठरूनच गेलं. "भाभी, दुकान खोला है क्या आपने?" असं तिथला दुकानदार तिला विचारायचा. त्याचा भाऊ शारजाला होता. दुकानदाराशी गप्पा मारून अनसूयेने तिकडची पुष्कळ माहिती गोळा केली. उन्हाळ्यात दुपारचं बाहेरचं काम बंद असतं, एका खोलीत किती माणसं झोपतात, मेसमध्ये काय मिळतं, सगळं. कधी विमानात न बसलेली ही बाई जिन्यात उभी राहून दुबईबद्दल अर्धा तास बोलू शकायची. सोमवारी दवाखान्यातल्या नोकरीला दांडी मारून ती तुरुंगात मुलाकातीला जायची, आणि बिल्डिंगमध्ये सांगायची की लालबागला सासूबाईंना बघायला जाते.

बारा वर्षांनी हायकोर्टाने खालच्या कोर्टाची जन्मठेप रद्द करून सुभाषला निर्दोष सोडलं. निर्दोष! या एका शब्दासाठी तिने देव पाण्यात ठेवले होते. कुणाच्याही घरी अशा दिवशी पेढे वाटले असते. पण पेढे वाटायचे म्हणजे कशाचे ते सांगावं लागलं असतं. म्हणून अनसूया तुरुंगाच्या दारात गेली ती नवी चाकांची बॅग, नवा शर्ट आणि काळा चष्मा घेऊनच. तिथून तिने सुभाषला टॅक्सीत बसवलं आणि सरळ विमानतळावर नेलं. जिथे माणसं बाहेर येतात त्या कठड्याशी दोघं उभी राहिली. सुभाष बराच वेळ येणाऱ्यांचे चेहरे बघत होता. मग त्याने हळूच विचारलं, "आपण कुणाला आणायला आलोय?"

"तुम्हाला," अनसूया म्हणाली. दुबईचं विमान उतरल्यावर दोघं टॅक्सीने भाईंदरला आली, आणि अख्ख्या बिल्डिंगने गॅलरीतून हात हलवले.

याला आता तीन वर्षं झाली. सुभाष एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतो, वेळेवर जातो, वेळेवर येतो. कुणी दुबईचं काढलं की अनसूया उत्तर देते आणि तो मान डोलावतो. स्वतःच्या तोंडाने त्याने 'दुबई' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. अनसूयेच्या हे लक्षात आलं होतं, पण तिने त्याचा फार विचार केला नाही, कारण विचार करायला आणखी मोठी गोष्ट समोर येऊन उभी होती. संपदाचं लग्न.

मुलगा निहार, तिच्याच ऑफिसातला, शांत, हसरा. त्याची आई हंसाताई राऊत, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बाई प्रेमळ, पण नजर अशी की समोरच्याच्या साडीची उलटी घडीही सुटायची नाही. साखरपुडा येत्या रविवारावर आला होता. संपदा रोज आईच्या मागे लागायची, "मी निहारला सांगते आई. आत्ता सांगते." आणि अनसूया रोज तिला आपली शपथ घालायची. साखरपुडा होऊ दे, मग बघू. एकदा चारचौघांत अंगठ्या घातल्या की कुणी सहजासहजी मोडत नाही, असं तिचं गणित होतं. फक्त एक आठवडा काढायचा होता.

आणि नेमकं त्याच आठवड्याच्या तोंडावर हंसाताईंनी दोघांना त्यांच्या वाचनकट्ट्यावर बोलावलं. "माझं भाषण आहे. व्याही-विहीण म्हणून पुढच्या रांगेत बसायचं हं!" त्यांच्या सोसायटीच्या हॉलच्या दारात फळा होता. अनसूयेने चप्पल काढता काढता तो वाचला आणि तिचा एक पाय चपलेतच राहिला. फळ्यावर लिहिलं होतं, 'जुन्या कादंबऱ्यांतले कैदी : लांबलेल्या तुरुंगवासाने माणसाचं काय होतं?'

"अहो, चला घरी," ती कुजबुजली. "तुमच्या पोटात दुखतंय म्हणून सांगते मी."

सुभाषने फळा दोनदा वाचला. "मला ऐकायचंय," तो म्हणाला.

तीन वर्षांत त्याने 'मला' असं म्हणून काही मागितल्याचं तिला आठवेना. तरी तिने हातातली पिशवी घट्ट धरून त्याला बजावलं, "मग एक अक्षर बोलायचं नाही. कुणी विचारलंच तर छान झालं, खूप माहिती मिळाली, एवढंच म्हणायचं. संपदाचा विचार करा." त्याने मान हलवली.

आत वीसेक माणसं होती. हंसाताईंच्या शेजारी गळ्यात सोन्याची साखळी घातलेला एक तिशीतला मुलगा बसला होता. "हा माझा भाचा रोशन," त्या म्हणाल्या. "परवाच दुबईहून सुट्टीवर आलाय. मुद्दाम बोलावलं त्याला, म्हटलं सुभाषरावांशी त्याची गट्टी जमेल." विषय तुरुंगाचा, पाहुणा दुबईचा. बाईंना कळलंय, ती मनात म्हणाली, सगळं कळलंय आणि चारचौघांत बसवून आपली सालटी काढणार आहेत.

हंसाताईंनी चष्मा पुसला आणि बोलायला सुरुवात केली. बोलत छान होत्या. म्हणाल्या, जुन्या लेखकांना तुरुंगाचं भारी वेड. माणसाला आत घालताना लेखकाला एक पान पुरतं, पण बाहेर काढल्यावर खरी गोष्ट सुरू होते. पहिलं म्हणजे, त्याचं घड्याळ बंद पडलेलं असतं. तो आत गेला त्या दिवशी बायको होती तशीच तो शोधतो. मुलगी लग्नाची झाली तरी तिच्यासाठी बाहुली आणतो.

लोक हसले. अनसूया हसली नाही. सुटल्यानंतरच्या पहिल्या पगारात सुभाषने वीस वर्षांच्या संपदासाठी केसांना लावायच्या फुलाफुलांच्या पिना आणल्या होत्या.

"दुसरं म्हणजे शरीर," हंसाताई पुढे म्हणाल्या. "मन विसरतं, पण शरीर विसरत नाही. दार उघडं असलं तरी तो दाराशी थांबतो. रात्री झोपायला दिवा लागतो. जेवताना ताटाभोवती हात धरून बसतो."

त्याच वेळी बटाटेवड्यांच्या बश्या फिरत होत्या. अनसूयेने शेजारी पाहिलं. सुभाषने मांडीवर बशी ठेवली होती आणि तिच्याभोवती डावा हात गोल धरून तो भराभर खात होता. ती काही करण्याआधीच कट्ट्याचे अध्यक्ष बाबाजी राणे टेबलामागून मोठ्याने म्हणाले, "मॅडम, हे तर या सुभाषरावांसारखंच झालं!"

सगळा हॉल त्याच्याकडे बघू लागला. सुभाषचा घास तोंडातच थांबला.

"कामगारांच्या कॅम्पातली सवय हो," अनसूया एका श्वासात म्हणाली. "तिकडे मेसमध्ये लाईनीत जेवायचं, शेजारी बसलेला कधी हात घालील सांगता येत नाही. बारा वर्षं म्हणजे काय खाऊ आहे?" तिने हसत हसत सुभाषच्या मांडीवरची बशी उचलली आणि आपल्या खुर्चीखाली ठेवली. अर्धा वडा तसाच राहिला. रोशन मान हलवत म्हणाला, "बरोबर बोलल्या काकी. सेम टू सेम." वेळ निभावली. पण तिच्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती, आणि हंसाताई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघतायत असं तिला वाटलं.

"आता शेवटचं, आणि मला वाटतं सगळ्यात वाईट," हंसाताई म्हणाल्या. "इतकी वर्षं दुसऱ्याने सांगायचं, ऊठ, जेव, गप्प बस. माणसाची स्वतःची इच्छा वापरात राहत नाही. बाहेर आला की तो सांगणारा कुणीतरी शोधतो. आणि गंमत बघा, तो त्याला मिळतोच. बहुतेक घरातच मिळतो. फार मायेचा असतो, त्यामुळे लेखकाच्याही पटकन लक्षात येत नाही."

हे वाक्य अनसूयेने ऐकलं, पण तिच्या डोक्यात शिरलं नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि ती पिशवी उचलून उठणार तोच बाबाजींनी टेबलावरची घंटी वाजवली. "बसा बसा! आपला नियम माहीत आहे ना? प्रत्येकाने दोन वाक्यं बोलल्याशिवाय चहा नाही."

मागच्या रांगेतून सुरुवात झाली. कुणी म्हणालं, असे विषय वारंवार व्हावेत. कुणी म्हणालं, आजकाल वाचतं कोण. एका आजोबांनी दोन वाक्यांत आपली बायपास सांगितली. पाळी एकेक खुर्ची पुढे सरकत होती आणि अनसूया सुभाषच्या कोपराला हळूच टोचत होती, छान झालं, खूप माहिती मिळाली. मग रोशन उभा राहिला.

"मला पुस्तकातलं जास्त कळत नाय," तो म्हणाला. "पण आत्याने सांगितलं ना, ते आमच्या कॅम्पसारखंच वाटलं. पासपोर्ट शेठकडे, सुट्टी शेठच्या मर्जीवर." आणि तो सुभाषकडे वळला. "काका, तुम्ही तर बारा वर्षं काढलीत. मान गये! कॅम्प कुठे होता तुमचा?"

"अल कूजला," अनसूया म्हणाली.

"अरे, मी पण तिथेच होतो आधी! कंपनी कुठली काका?"

"बांधकामाचीच होती, नाव बदललं नंतर तिचं," पुन्हा अनसूयाच.

"आणि बिल्डिंग? मशिदीच्या बाजूची का ती मागची?"

अनसूयेने तोंड उघडलं. नया नगरातल्या दुकानदाराने इतकं खोलात जाऊन कधी सांगितलं नव्हतं.

"अनसूयाबाई," हंसाताई हसत म्हणाल्या, "अहो, त्यांना बोलू द्या की. दुबईला ते होते, तुम्ही नाही. उठा सुभाषराव, पाळी तुमचीच आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. सुभाष उठला. टाचा जुळवून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून तो ताठ उभा राहिला. हसू विरलं, कुणीतरी खोकलं. मग त्याने मान वळवून अनसूयेकडे पाहिलं.

ही नजर तिच्या ओळखीची होती. मुलाकातीच्या जाळीपलीकडे तो उभा असायचा आणि तिच्याशी काही बोलण्याआधी शेजारच्या शिपायाकडे असाच बघायचा. बोलू का? एवढं बोललेलं चालेल का? त्या शिपायाचा अनसूयेला इतका संताप यायचा की घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. माझ्या नवऱ्याने माझ्याशी बोलायला तुला का विचारायचं? तू कोण लागून गेलास?

आणि आता तो तिलाच विचारत होता. गेली तीन वर्षं तो तिलाच विचारत होता, प्रत्येक वेळी, जिन्यात, दुकानात, स्वतःच्या घरात. कोर्टाने सोडलेल्या माणसाला तिने घरी आणून चोरासारखं वागवलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. संपदाचं काय होईल, हा विचारही मनात आलाच. पण त्याची ती नजर हटत नव्हती आणि तिला ती सोसवेना.

अनसूया उभी राहिली. "रोशन, थांब बाळा. हे कधी दुबईला गेलेच नाहीत."

"म्हणजे?" बाबाजी म्हणाले.

"बारा वर्षं तुरुंगात होते. खुनाच्या केसमध्ये. खून यांनी केला नव्हता, हायकोर्टाने निर्दोष सोडलं." ती सगळ्या हॉलकडे वळली. "दुबई माझी आहे. मी केलेली. यांनी एकदाही म्हटलं नाही दुबई म्हणून. जे काय बोलायचं ते मला बोला."

रोशन खाली बसला. हंसाताईंनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि अनसूयेकडे पाहिलं. त्यांना यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं. सापळा कुणी लावलाच नव्हता.

"संपदाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. ती निहारला सांगणारच होती. मीच शपथ घालून अडवलं."

"मला राग आलाय अनसूयाबाई," हंसाताई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण राग खराच होता. "तुरुंगाचा नाही. मला मूर्खात काढलंत त्याचा. लग्न मोडायला मी कोण? पण निहारला आज संपदाने स्वतः सांगायचं, आणि मग काय ते त्या दोघांनी ठरवायचं. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार," अनसूया म्हणाली आणि खुर्चीत बसली.

हंसाताई सुभाषकडे वळल्या. "तुमची दोन वाक्यं राहिली."

सुभाष अजून तसाच उभा होता. "मी सुभाष तावडे," तो म्हणाला. "बारा वर्षं आत होतो, आणि मी निर्दोष आहे."

एवढं बोलून तो थांबला. नियमाप्रमाणे त्याचं झालं होतं. पण तो बसला नाही. मांड्यांना चिकटलेले हात सुटले आणि त्याने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

"मॅडम, आतल्या सवयी जातात हळूहळू. भिंतीकडे तोंड करून झोपायचो, ते गेलं. पण सुटलो त्या दिवशी मला रस्त्यात ओरडून सांगायचं होतं, मी सुटलो, मी काही केलं नव्हतं. ते राहिलं. हिने माझ्यासाठी काय केलं ते मला माहीत आहे, हिच्या जागी दुसरी टिकली नसती. पण तिथे निदान वरच्या कोर्टात अर्ज करता येत होता. घरी अर्ज कुणाकडे करायचा?"

बाबाजींचा हात घंटीकडे गेला होता. हंसाताईंनी तो धरला.

सुभाष बोलत राहिला. गोदामातल्या त्या दुपारचं बोलला, मेलेल्या हमालाचं नाव त्याने सांगितलं, शेजारच्या बराकीतल्या म्हाताऱ्याचं सांगितलं, एकदा तर काहीतरी आठवून हसलासुद्धा. लग्नानंतर पहिल्या वर्षी तो असाच बोलायचा, हातवारे करत, वाक्य अर्धं सोडून दुसरं धरत, हे अनसूया साफ विसरून गेली होती. पिशवी मांडीवर घेऊन ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने एकदा तरी आपल्याकडे बघावं, म्हणजे आपण मान हलवून बोला बोला म्हणू, असं तिला फार वाटत होतं. त्याने बघितलं नाही. शेवटपर्यंत नाही. तिला ते लागलं, चांगलंच लागलं, आणि यापुढे हे असंच लागत राहणार, हे कळूनही ती गप्प बसून ऐकत राहिली.